मे महिना त्यांचा आणि आमचा

२ मे २०२५

दोन राज्यांच्या शाळांनी आपसात बोलून सुट्ट्या ठरवल्या असत्या, तर आमच्या घरातली निम्मी भांडणं झालीच नसती. पोरांची इथली, बेंगळुरूची शाळा ११ एप्रिललाच बंद झाली आणि २९ मेला उघडणार. गावच्या चुलतभावंडांच्या परीक्षा यंदा २५ एप्रिलपर्यंत ताणल्या, त्यांची शाळा १६ जूनला. म्हणजे एप्रिलभर आमची दोघं पाचव्या मजल्यावर एकमेकांच्या झिंज्या उपटणार, आणि जूनचा पहिला पंधरवडा तिकडची पोरं अंगणात आमच्या पोरांशिवाय हुंदडणार. मधला मे तेवढा सामाईक. सासर, माहेर, दोन लग्नं, सासऱ्यांचे डोळे दाखवणं, बँकेतली कामं आणि आंबे, सगळं त्यातच कोंबायचं.

पुण्यात होतो तेव्हा हा हिशोब नव्हता. शुक्रवारी रात्री बसमध्ये बसलं की शनिवारी सकाळी गावी, कुडाळला. शिमग्याला गेलो, गणपतीत गेलो, कुणी आजारी पडलं तर उठून गेलो. नवऱ्याची बदली झाली आणि ‘उठून जाणं’ संपलं. आता जायचं तर रजा, तिकिटं, दोन्ही घरी आगाऊ कळवणं. आम्ही तारखा कळवतो आणि मग तिकडे आमच्यासाठी गाद्या उन्हात पडतात. पूर्वी कधी पडल्या होत्या?

मोठीच्या बॅगेत तिनं न सांगता कन्नडचं पुस्तक टाकलंय. सुट्टीनंतर लगेच चाचणी आहे म्हणे. मराठीचं एकही नाही. मी आपली मुकाट्यानं एक मराठी गोष्टींचं पुस्तक तळाशी सरकवलंय.

४ मे

पोचलो. गोव्यातला मोप्याचा विमानतळ सुरू झाल्यापासून ओळखीतले सगळे विमानानंच जातात. सव्वा-दीड तासात उतरायचं, तिथून सावंतवाडी जवळच. आम्ही चौघांच्या तिकिटांचा आकडा बघितला आणि रात्रीच्या रेल्वेनं बेळगाव, पुढे आंबोली घाटातून सावंतवाडी असा नेहमीचा रस्ता धरला. खरं तर मला हाच आवडतो. विमानातून उतरल्यावर एकदम दमट हवेचा रट्टा बसतो. घाटातून उतरलं की कोकण टप्प्याटप्प्यानं येतं. आधी आंबोलीचा गारवा, मग वळणं, मग कानात दडे, मग घाम. धाकट्यानं नेहमीप्रमाणे अर्ध्या घाटात ओकून घेतलं.

बेळगावात स्टँडवर एक गंमत झाली. कुठली गाडी कुठं लागते ते आम्ही दोघं विचारत फिरतोय, आणि मोठी एका जागी उभी राहून कन्नड पाट्या वाचतेय. हुबळी, धारवाड, गोकाक, खानापूर. मग एका कंडक्टरशी कन्नडमध्ये चार वाक्यं बोलून आली आणि म्हणाली, “आई, सावंतवाडीची तिकडे लागते. अजून वीस मिनिटं आहेत. बाबांना सांग, चहा घेऊ शकतो.” मी पाट्यांकडे बघितलं. मला त्यातलं वळणदार अक्षर म्हणून कौतुक वाटण्यापलीकडे काही कळत नाही. कर्नाटकात २०१५ च्या कायद्यापासून कुठल्याही बोर्डाच्या शाळेत कन्नड शिकवावीच लागते. शाळा घेतली तेव्हा मला ते पोरीवरचं ओझं वाटलं होतं. आज त्या ओझ्यानं मला बसमध्ये खिडकी मिळवून दिली.

सासूबाई ओट्यावर उभ्याच होत्या. “इलास? वाटेत झीलाक त्रास नाय मां झालो?” धाकटा लगेच ओकल्याचं सविस्तर वर्णन करायला लागला.

७ मे

आज स्वयंपाकघरात मीठ सापडलं नाही.

एवढंच लिहून थांबावं असं वाटलं होतं, पण थांबत नाही. मिठाची बरणी चुलीच्या डाव्या बाजूच्या फळीवर असायची. मी हात तिथं नेला तर तिथं स्टीलचा डबा, त्यात कुळथाचं पीठ. वहिनींनी सगळी मांडणी बदललीय आणि चांगली बदललीय, त्यांच्या उंचीला साजेशी. त्या रोज तिथं उभ्या राहतात, त्यांचाच हक्क. पण मी तीन फडताळं उघडेपर्यंत त्यांनी मीठ आणून हातात दिलं, मग हातातला डावही काढून घेतला. “तू बस गो, तू काय चार दिसांक इलंस.” प्रेमानंच म्हणाल्या. मी बाहेर येऊन बसले. पाठोपाठ चहा आला, कपबशीत. घरच्यांचा चहा स्टीलच्या पेल्यातून असतो.

टीव्हीवर दिवसभर सीमेवरच्या बातम्या. सासऱ्यांनी रिमोट सोडला नाही, आणि आज त्यांना कुणी सोडायलाही सांगितलं नाही.

बसल्या बसल्या मी घर बघत होते. आपण इथं सुट्टीला येतो तो यांचा वर्षातला सगळ्यात कामाचा महिना. पुण्याहून येत होते तेव्हाही हे डोळ्यांसमोरच होतं, पण तेव्हा मी त्यातच असायचे म्हणून वेगळं दिसलं नाही. आंबे उतरवायचे, आढी लावायची, पेट्या भरायच्या. काजूच्या शेवटच्या बिया वेचायच्या, वाळवायच्या, विकायला न्यायच्या. पावसाआधी लाकडं फोडून खोपीत रचायची. कौलं काढून फुटकी बदलायची. मिरच्या, पापड, सुकं मासळीचं सामान, आमसुलं. चार महिने घराबाहेर पडता येणार नाही अशा हिशोबानं सगळी बेगमी. आणि नेमक्या त्याच महिन्यात मुंबईचे चाकरमानी आणि बेंगळुरूचे आम्ही येऊन बसणार, घावणे मागणार, आणि मुलांना विहिरीवर न्या म्हणणार. वहिनी आज पहाटे चारला उठल्या होत्या. मी सहाला उठले आणि “लवकर उठलंस” म्हणून कौतुक झालं.

विहिरीचा तळ दिसायला लागलाय. इथं पाऊस धो धो पडतो, पण जांभ्या दगडात पाणी मुरतं आणि निघून जातं. पोरांना वाटतं पाण्याचे वांधे फक्त बेंगळुरूत. गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकरवरून झालेली भांडणं त्यांनी बघितलीत. मोठीनं आज कळशी अर्धीच भरली, आपण होऊन. सासूबाईंनी ते पाहिलं. बोलल्या काही नाहीत, पण दुपारी तिला हाक मारून रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला बसवलं.

११ मे

रातांब्यांबद्दल लिहायलाच हवं, कारण चार दिवस घरात दुसरा विषय नाही.

पिकलेले लालभडक रातांबे धुऊन पुसून घ्यायचे. विळीवर अर्धे करायचे. आतला गर आणि बिया एका भांड्यात, साली दुसऱ्यात. बियांवर मीठ टाकलं की रस सुटतो. साली मांडवावर उन्हात. संध्याकाळी त्या गोळा करून त्या रसात बुडवायच्या, सकाळी निथळून पुन्हा उन्हात. हे पुट. अशी पुटं देत जायची, साल काळपट होऊन आक्रसेपर्यंत. मग ती आमसूल. बिया वाया जात नाहीत, त्या वाळवून कुटून त्यांचं तेल काढतात, थिजलं की मुठीत वळून गोळे करतात. सासूबाईंच्या टाचांना थंडीत हेच मुठेल लागतं. मोठीनं पहिल्या दिवशी बिया केराच्या टोपलीत टाकल्या, तेव्हा आजीचा आवाज मागच्या दारापर्यंत गेला होता.

आता ती तरबेज झालीय. बोटं जांभळी, नखांत रंग, फ्रॉकवर डाग. आजी-नात समोरासमोर बसतात, मध्ये घमेलं. आजी मालवणीत बोलते, नात पुण्याच्या शाळेतल्या मराठीत उत्तर देते, आणि मोजणी मात्र कन्नडमध्ये करते: ओंदु, एरडु, मूरु. आजीनं परवापासून तिच्यासोबत दहापर्यंत मोजायला सुरुवात केलीय. मी वहिनींना म्हटलं, मलाही काहीतरी द्या. त्यांनी जरा थांबून माझ्याकडे बघितलं आणि साली पालथ्या घालायचं काम दिलं. दुपारी बाराच्या उन्हात, मांडवावर, एकेक साल उलटी करायची. कंबर मोडली. पण त्यानंतर चहा पेल्यातून आला.

धाकट्याला घामोळं उठलंय. बेंगळुरूच्या संध्याकाळच्या गारव्याची सवय झालेलं अंग, इथली हवा सोसत नाही. दिवसातून दोनदा अंघोळ आणि उघडाबंब फिरणं, यावर तो खूश आहे. आंब्याच्या बाबतीत त्याला फक्त रस कळतो. आढीतला कुठला आंबा आज खायचा आणि कुठला उद्या, हे सासरे नुसत्या वासावर सांगतात. मग तो कापतात आणि नेमका साका निघतो. वरून सोन्यासारखा हापूस, आत पांढरट स्पंजासारखा गर. “आंब्यानं फसवलं नाही असा कोकणी माणूस नाही,” असं स्वतःच म्हणून पुढचा घेतात.

१६ मे

माहेरी, वेंगुर्ल्याला, येऊन गेले. कुडाळहून एसटीनं. अर्धं तिकीट. २०२३ पासून महाराष्ट्रात बायकांना एसटीत निम्मं भाडं आणि कर्नाटकात तिथल्या बायकांना सरकारी बसमध्ये तिकीटच नाही. हे ऐकल्यावर आईला बेंगळुरूबद्दल पहिल्यांदाच काहीतरी बरं वाटलं. एरवी ती त्या शहराचं नाव काढलं की “लांब” एवढंच म्हणते.

बाबांची काजूची कलमं वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७, इथल्याच फळ संशोधन केंद्रातून निघालेल्या जाती. यंदा बी कमी आली. त्यांनी त्याचं कारण मोहर, हवा, ढेकण्या कीड असं तासभर सांगितलं. माझा भाऊ मुंबईत, मी बेंगळुरूत. पुढे कलमं कोण बघणार, हा प्रश्न जेवताना कुणी काढला नाही. काढत नाहीतच. आई निघताना पिशव्या भरत राहिली आणि मी “एवढं नको” म्हणत राहिले. दोघींनाही ठाऊक असतं की ते सगळं जाणार.

मुलांचं मन तिथं रमलं नाही, हे लिहून ठेवते. भावंडं सगळी कुडाळच्या घरी. आजी-आजोबांकडे ती अंगणात दोन फेऱ्या मारून मोबाईल मागायला लागली. मला राग आला, मग वाटलं, दोन रात्रींत कसं रमणार? माझं माहेर त्यांच्या वाट्याला येतं ते सासरच्या उरलेल्या दिवसांतून. पुढच्या वर्षी आधी वेंगुर्लं. यावर नवरा काही म्हणाला नाही म्हणजे पटलेलं नाही.

२२ मे

पाऊस. मे महिन्यात. वळवाचा एखादा झोडपा नव्हे, परवापासून सरळ लागलाय. आकाश आषाढासारखं.

पहिली सर आली तेव्हा दुपारचे तीन. सगळे जेवून लवंडलेले. वहिनींनी नुसतं “साली!” असं ओरडलं आणि घरातली झाडून सगळी माणसं मांडवावर. पोरं, सासरे, झोपेतून उठलेला नवरा उघड्या अंगानं. सुपं, पाट्या, चादर, जे हाती येईल त्यात साली भरल्या. अर्ध्या भिजल्याच. चार पुटं झालेला माल. मोठी रडकुंडीला आली, तिची पहिलीच आमसुलं. सासूबाई शांत. “पाऊस काय कोणाक इचारून येता?” चुलीवर दोऱ्या बांधून जाळ्या टांगल्या आणि त्यावर साली पसरल्या. धुराचा वास लागेल, पण बुरशी धरणार नाही.

वीज गेली ती रात्रभर. अर्धी लाकडं अजून बाहेर, कौलांचं काम निम्मं राहिलेलं. माजघरात दोन ठिकाणी पातेली ठेवली. झाडावरचे उरलेले आंबे आता उतरवून उपयोग नाही. शेजारच्या घरी आलेले मुंबईकर “आता काय करणार थांबून” म्हणत आज निघाले. आणि आमची पोरं? बेडकांच्या आवाजानं वेडी झालीत. बेंगळुरूला गेल्यापासून त्यांनी गावचा पाऊस पाहिलाच नव्हता. जून-जुलै शाळेत, गणपती बेंगळुरूत. त्यांच्या लेखी गाव म्हणजे ऊन, आंबे आणि पांढरं आकाश. धाकट्यानं विचारलं, “हे नेहमी असं होतं?” चुलतभाऊ म्हणाला, “ह्या काय, जुलैत ये.”

२५ मे

आज निघतोय. बातम्यांत सांगितलं, मान्सून काल केरळात आला आणि आज देवगडपर्यंत. एरवी केरळात १ जून धरतात. घाटात धुकं, धबधबे अजून नीट सुटलेले नाहीत.

निघताना सासूबाईंनी आमसुलांची पिशवी दिली नाही. “वाळली नाय अजून. मागसून धाडतंय.” मोठीनं त्यांना पुन्हा पुन्हा बजावलं की तिची वेगळी ठेवायची. वहिनींना मी म्हटलं, पुढच्या वेळी मीठ कुठे ते आधी सांगा. त्या हसल्या. “गणपतीक येतलास मां?”

३० मे

शाळा सुरू झाली, काल. कन्नडची चाचणी पुढच्या आठवड्यावर ढकलली गेली.

रात्री जेवणं झाल्यावर बोलणं निघालं. माझं म्हणणं, पुढच्या वर्षी मी पोरांना घेऊन एप्रिलमध्येच जाते, सुट्टी लागली की लगेच. काजू चालू असतात, कामाची गर्दी मेइतकी नसते, वहिनींना पाहुण्यांचा ताण नाही, वेंगुर्ल्याला चांगला आठवडा मिळेल. नवरा म्हणतो, मग चुलतभावंडं परीक्षेला आणि ही दोघं कुणाशी खेळणार? बरोबर आहे त्याचंही. शिवाय त्याला एप्रिलमध्ये रजा नाही, म्हणजे तो एकटा मागे. यावर अर्धा तास गेला, निकाल लागला नाही.

गणपतीचं मात्र ठरलं. चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी. शाळेला सुट्टी एकच दिवस, पुढचे दोन दिवस बुडवायचे. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी आठच्या ठोक्याला दोघांनीही मोबाईल घेऊन बसायचं. शाळेला चिठ्ठी मी लिहिणार. कन्नडमधून लिहायची असेल तर मोठी लिहून देते म्हणाली, पण कारण काय लिहायचं ते मात्र तुम्ही ठरवा म्हणे.