उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत

लग्नाला सात वर्षं झाली होती. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. कोरडवाहू चार एकर, कापूस आणि तूर. मूल राहत नाही म्हणून आधी एका ठिकाणी दोनदा आययूआय झालं, म्हणजे यांचं वीर्य नळीनं गर्भपिशवीत सोडलं. नळ्या मोकळ्या, यांचा रिपोर्ट चांगला, तरी दोन्ही वेळा पाळी आली. त्या दोन वर्षांत थायरॉइड तपासायला कोणीच सांगितलं नाही. माझी पाळी कधी दीड महिन्यानं, कधी दोन महिन्यांनी यायची. केस गळायचे, वेचणीला गेलं की दुपारपर्यंत अंग जड व्हायचं. वाटायचं, वेचणीत कोणत्या बाईचं अंग दुखत नाही?

नागपूरच्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच दिवशी टीएसएच लिहून दिली. आकडा आला ११.८. प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं संप्रेरक, तेही वाढलेलं. थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की मेंदूतली ग्रंथी त्या गळ्यातल्या ग्रंथीला जास्त जोरानं हाक मारते, ती हाक म्हणजे टीएसएच, असं त्यांनी समजावलं. त्यातच प्रोलॅक्टिन वाढतं आणि बीज वेळेवर सुटत नाही. "आधी हे २.५ च्या खाली आणू, मग आयव्हीएफचं बोलू," त्या म्हणाल्या. आयव्हीएफ म्हणजे बीज बाहेर काढून प्रयोगशाळेत गर्भ तयार करायचा आणि तो पिशवीत सोडायचा.

थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. सहा आठवड्यांनी टीएसएच ७.९. गोळी ७५ ची केली. आणखी सहा आठवड्यांनी ६.८. दर वेळी पहाटेची एसटी, यवतमाळला गाडी बदलायची, दोघांची मजुरी बुडायची, आणि आकडा काही हवा तेवढा उतरायचा नाही.

त्या दिवशी मॅडमनी विचारलं, "गोळी घेता कशी?"

"चहासोबत. आणि लगेच आशाताईंनी दिलेली लोहाची."

त्यांनी पेन खाली ठेवला. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी थायरॉइडच्या गोळीला पोटातच बांधून ठेवते, रक्तात जाऊ देत नाही. मध्ये चार तासांचं अंतर पाहिजे. चहा-नाश्ताही निदान अर्ध्या तासानं, जमलं तर तासानं. मला तिथंच रडू आलं. बारा आठवडे मी एक दिवस न चुकवता गोळी घेतली होती, आणि तिचा मोठा भाग वाया गेला होता.

मग डबी उशाशी ठेवली. पाच वाजता उठलं की एक गोळी, पेलाभर पाणी. सडा, झाडलोट, नळाचं पाणी भरणं उरकलं की चहा. लोहाची गोळी रात्री. सासूबाईंना पटलं नव्हतं. "उपाशीपोटी औषध कायले घेतं व? पोटात आग पडते," म्हणायच्या. पण पुढच्या तपासणीत, तेवढ्याच ७५ च्या गोळीवर, टीएसएच २.१ आलं. पाळी एकतिसाव्या दिवशी आली. टीएसएचचा आकडा मी सासूबाईंना वाचून दाखवला.

आता आपोआपही राहू शकेल म्हणून मॅडमनी चार महिने थांबायला लावलं. राहिलं नाही. माझं वय ३४, म्हणून आयव्हीएफ ठरलं. इंजेक्शनं सुरू असताना टीएसएच पुन्हा ३.६ वर गेलं. मी घाबरले. मॅडम म्हणाल्या, हे होतं: इंजेक्शनांनी इस्ट्रोजेन वाढतं, त्यामुळे थायरॉइडचं संप्रेरक बांधून ठेवणारं प्रथिन वाढतं, म्हणून अंगाला जास्त लागतं. गोळी १०० ची झाली.

पहिला गर्भ रुजला नाही. तेव्हा टीएसएच १.९ होतं. थायरॉइड नीट केलं म्हणून मूल राहीलच असं नाही, वाटेतला एक अडथळा तेवढा जातो, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं. तरी त्या दिवशी एसटीत यांच्याशी एक शब्द बोलवला नाही.

गोठवून ठेवलेला दुसरा गर्भ तुरीच्या सवंगणीच्या वेळी सोडला. चौदाव्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मॅडमचं पहिलं वाक्य गोळीबद्दलच होतं: आजपासून आठवड्याला दोन गोळ्या जास्त, आणि दर चार आठवड्यांनी टीएसएच. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी पुरेशी चालत नाही. त्याच्या मेंदूच्या वाढीला आईचंच संप्रेरक लागतं.

सध्या सातवा महिना सुरू आहे. सासूबाई चुलीवर चहा ठेवायच्या आधी आतूनच आवाज देतात, "गोळी कितीले घेतली व?" मी वेळ सांगते. तास झाला नसेल तर भांडं खाली उतरवून ठेवतात.