तुम्ही विचारलंत म्हणून : पगडी बांधायला किती वेळ लागतो?

लिफ्टमध्ये विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात यंत्र चालू असताना विचारलं, "सरदारजी, हे रोज बांधता की तयार मिळतं? आणि किती वेळ लागतो हो?" एरवी मी "सात मिनिटं" म्हणून मोकळा होतो. पण परवा सोसायटीतल्या एका काकूंनी त्यापुढचा प्रश्न टाकला. "पण शिकलात कुठे? क्लास असतो का?" लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर आली होती, काकूंच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती, आणि उत्तर लांबलचक होतं. काकू, तुम्ही विचारलंत म्हणून हे लिहितोय.

आधी तयार मिळण्याचं. हा प्रश्न फक्त महाराष्ट्रातच येतो आणि त्याचा दोष पुणेरी पगडीकडे जातो. ती कारागीर एकदाच बसवून देतो, मग ती टोपीसारखी डोक्यावर ठेवायची. तुमच्या मनात 'पगडी' म्हटलं की तीच येते. आमची पगडी म्हणजे फक्त कापड. साडेपाच मीटर, जवळजवळ बायकोच्या सहावारीएवढं. गच्चीत वाळत घातलं की नवे भाडेकरू विचारतात, "ही बिनकाठाची साडी कुणाची?" फेट्याचंही तसंच, कापडच ते, पण फेटा तुम्ही बांधून घेता. फेटेवाला येतो, तुम्ही खुर्चीवर मान ताठ करून बसता, दोन मिनिटांत "पुढचे या". स्वतःचं स्वतः बांधणारे मी पाहिले ते माझ्या लहानपणी नांदेडच्या मोंढ्यात. हळद घेऊन आलेले म्हातारे चहाच्या टपरीवर पटका सोडायचे, त्यानेच तोंड पुसायचे आणि भावावरून वाद घालता घालता, आरसाबिरसा काही नसताना, परत गुंडाळून मोकळे. मला ती जादू वाटायची.

या 'पटका' शब्दाने माझा शाळेत फार घोळ केला. तुमचा पटका म्हणजे त्या म्हाताऱ्यांचं पागोटं. आमचा पटका म्हणजे शाळकरी पोराच्या अंबाड्यावर घट्ट आवळलेला चौकोनी कपडा. पोरं त्यावर टिचकी मारून पळायची. "आत काय आहे रे, बटाटा?" तो बटाटा म्हणजे जूडा. जूड्यावरून पटका, आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी पटक्यावरून पगडी, असा हा क्रम.

आम्ही दखनी शीख. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली नांदेडला गोदावरीकाठी देह ठेवला, पुढे महाराजा रणजितसिंगांनी तिथे तख्ताची, म्हणजे आमच्या धर्मपीठाची, वास्तू उभारली. निजामाच्या मदतीला लाहोरहून जी फौज आली, त्यातला कुणीतरी आमचा पूर्वज, असं घरात सांगतात. पुरावा काही नाही. एवढं खरं की आम्ही पंजाबीत जेवायला वाढतो, दखनीत भांडतो आणि हिशेब मराठीत करतो.

तर माझी दस्तारबंदी, म्हणजे पहिली पगडी बांधायचा समारंभ, १९९३ साली झाली. गुरुद्वाऱ्यात अरदास म्हणजे प्रार्थना झाली, ग्रंथीसाहेबांनी आणि ताऊजींनी मिळून माझ्या डोक्यावर केशरी पगडी चढवली, नातेवाइकांनी पाकिटं दिली, फोटो निघाला. फोटोत मी एखाद्या छोट्या संस्थानिकासारखा दिसतो. पण त्यात माझं कर्तृत्व शून्य. मी फक्त बसलो होतो, फेटा बांधून घेणाऱ्या वऱ्हाड्यासारखा. रात्री पापाजींनी ती पगडी एकेक पेच उलगडून काढायला लावली (आमच्यात ती उचलून काढत नाहीत, निदान वडीलधाऱ्यांसमोर नाही) आणि म्हणाले, "कल से तू."

मला वाटलं होतं, यात काय एवढं. सातव्या वर्षापासून मी रोज सकाळी पापाजींच्या पगडीचं दुसरं टोक धरत होतो. याला पूणी करणं म्हणतात. कापसाच्या पेळूलाही पंजाबीत पूणीच म्हणतात. एका टोकाला ते, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, अर्धा व्हरांड्यात, मी. कोपरे धरून तिरकं ताणायचं, म्हणजे कापडाच्या सुरकुत्या जातात आणि ते थोडं लांबतं. मग मधोमध दुमडायचं, परत दुमडायचं, चार-पाच बोटं रुंद पट्टी होईपर्यंत. नऊवारीची घडी घालायला दोघी लागतात ना, अगदी तसं. माझं लक्ष जरा ढळलं की पापाजी कापडाला असा झटका द्यायचे की मी व्हरांड्यातून खोलीत. सहा-सात वर्षं मी हे केलं आणि या काळात ती पट्टी पुढे डोक्यावर कशी जाते, याकडे एकदाही बघितलं नाही. टोक सोडलं की मी बाहेर खेळायला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आरशासमोर उभा राहिलो. केस विंचरून पुढे घेतले, पीळ देऊन माथ्यावर जूडा केला, त्यावर केसकी, म्हणजे आतली लहान पगडी, बांधली. इथवर येत होतं. मग पट्टीचं एक टोक दातात धरायचं. हे तुम्हाला माहीत नसेल. पहिला पेच बसेपर्यंत कापड सरकू नये म्हणून एक टोक दातात धरतात आणि ते जवळजवळ शेवटपर्यंत तिथेच असतं. म्हणजे पगडी बांधणारा माणूस बोलू शकत नाही. ही सोय पापाजींनी ताबडतोब हेरली. "पेच कानावरून वर ने, कपाळावर उतरव. आता दुसरी बाजू. खालचा पेच दिसला पाहिजे, वरचा त्याच्या अर्ध्या बोटानं मागे. आणि गणितात बेचाळीस मार्क कसे पडले?" दातात पगडी असलेला मुलगा उलट उत्तर देऊ शकत नाही. माझी दहावीपर्यंतची सगळी शिकवणी अशीच झाली.

पहिल्या खेपेला पेच एकावर एक चढले आणि सगळं पोत्याच्या चुंबळीसारखं झालं. दुसऱ्या खेपेला इतकं आवळलं की भुवया वर ओढल्या जाऊन चेहरा कायमचा आश्चर्यचकित. तिसऱ्या खेपेला जूडाच झाकला गेला नाही. शेवटचा पदर उघडून माथ्यावर पसरायला कापड राखून ठेवावं लागतं हे मला कोण सांगणार? म्हणजे पापाजींनी सांगितलं होतं, पण मार्कांच्या आधी की नंतर ते आठवत नव्हतं. दर खेपेला सगळं उलगडायचं, परत पूणी, परत पहिल्यापासून. मधूनच दुरुस्त करता येत नाही. तिसरा पेच चुकला तर चौथा, पाचवा, सहावा त्याच्याच जिवावर उभे असतात. पाचव्या खेपेला आई आत आली, माझ्या डोक्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "जाऊ दे आता, शाळा भरली असेल."

शाळेत प्रार्थना सुरू झाली होती. मी शेवटच्या रांगेत घुसलो आणि राष्ट्रगीत लागलं. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं असतं. 'विंध्य हिमाचल'च्या सुमाराला डावा पेच सैल झाल्याचं मला कळलं. हात हलवायची सोय नव्हती. तो आधी कपाळावर आला, मग भुवईवर, आणि 'जय हे'ला माझा डावा डोळा पूर्ण बंद. पीटीच्या सरांनी बघितलं. मला वाटलं आता हसतील. ते जवळ आले, स्वतःच्या हाताने पेच वर सरकवला आणि हळूच म्हणाले, "मुंडाशाला पाठीमागून ताण द्यायचा असतो, पुढून नाही. आमचे आबा सांगायचे." अमृतसरच्या कुठल्याही क्लासात हेच पहिलं शिकवत असतील. मी ते परभणीच्या मराठी माणसाकडून शिकलो.

त्यानंतर जमत गेलं, आणि जमायला लागल्यावर नखरे सुरू झाले. पापाजींची पगडी साधी, गोलसर. मला हवी होती टोकदार, पटियालाशाही, प्रत्येक पेच सुरीने कापल्यासारखा. कापडही रुबिया नको, फुल व्हॉइल हवं, आणि तेही सचखंड एक्सप्रेसने कुणी अमृतसरहून येणार असेल तर त्यांच्याकडून मागवलेलं. आरशासमोर पाऊण तास. एकदा पापाजींनी दारात उभं राहून मला कबीर ऐकवला. गुरू ग्रंथसाहेबात कबीरजी म्हणतात की ज्या डोक्यावर माणूस रचून रचून पाग बांधतो, त्याच डोक्यावर उद्या कावळे चोच मारतील. सकाळी साडेसहाला हे ऐकून काय होतं ते तुम्हाला समजेल. मी गप्पच, कारण दातात टोक.

उत्तर दिलं ते दादीजीने, आतल्या खोलीतून. "त्याच ग्रंथात नामदेवजी काय म्हणतात तेही सांग की पोराला. 'खूब तेरी पगरी, मीठे तेरे बोल.'" नामदेवांचे ६१ शबद, म्हणजे पदं, आमच्या ग्रंथात आहेत, आणि त्यातल्या एकात ते देवालाच म्हणतात, तुझी पगडी किती छान, तुझं बोलणं किती गोड. नामदेवांचं नरसी आमच्या नांदेडहून लांब नाही. आमच्याच बाजूचा माणूस देवाची पगडी बघून खूश होतो म्हटल्यावर पापाजी काय बोलणार? ते आंघोळीला गेले. मी मराठीच्या तासाला नामदेवांचे अभंग पाठ केले होते, पण विठोबाच्या डोक्यावरच्या कापडाकडे असं कुणी बघितलं असेल हे तेव्हाच कळलं.

खरी परीक्षा पुण्यात झाली. गावातच गुरू गोविंदसिंगजींच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज असताना मी पुण्याला का गेलो, हे मला अजून नीट सांगता येत नाही. १९९७ साल, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर खोली. पहिल्या सकाळी पूणी करायला उभा राहिलो आणि लक्षात आलं की दुसरं टोक धरायला कुणीच नाही. दाराच्या कडीला बांधून बघितलं. कडी ताणते, पण दुमडत नाही. एक बाजू सरळ झाली की दुसरी वाकडी. मी तिसऱ्यांदा कडीशी झटत होतो तेव्हा कॉटवर पांघरुणातून एक डोकं वर आलं. हा माझा रूम पार्टनर, बार्शीचा. आदल्या रात्रीपासून आमच्यात चार वाक्यं झाली असतील. तो उठला, काही न विचारता कडीचं टोक सोडवलं, कोपरे चिमटीत धरले, मागे सरकून ताण दिला आणि माझ्याबरोबर बरोब्बर दुमडत आला. झटका नाही, ढिलाई नाही. मी थक्क. "तुला कसं येतं?"

"आजीचं लुगडं," तो म्हणाला, आणि परत झोपला.

चार वर्षं त्याने टोक धरलं. परीक्षेच्या दिवशीही. आमचं भांडण झालं होतं, गॅसच्या पैशांवरून, तेव्हा तीन आठवडे आम्ही बोलत नव्हतो. तरी सकाळी सात वाजता तो उठून टोक धरायचा, दुमडायचा, आणि न बोलता निघून जायचा. पेच सारखे करायला जी सलाई लागते ती माझ्याकडून हरवली, तेव्हा त्याने सायकलच्या चाकाचा आरा घासून दिला. तो आरा अजून माझ्या कप्प्यात आहे, स्टीलची चांगली सलाई आणूनही.

आता रोज बांधतो का, या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर. रोजच्या रोज उलगडून नव्यानं बांधावी हे बरोबर. पण एखाद्या दिवशी रात्री उशीर होतो, पगडी छान बसलेली असते, आणि मी ती तशीच अलगद उचलून कपाटावर ठेवतो, सकाळी परत डोक्यावर. पुणेरी पगडीसारखी. हे नांदेडला कळवू नका. हेल्मेटचं मात्र लपवाछपवीचं काही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्येच पगडीवाल्या शिखांना सूट आहे. तरी दर पावसाळ्यात एक नवा हवालदार मला थांबवतो आणि मग तोही विचारतो, किती वेळ लागतो.

मागच्या वर्षी पापाजींचा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जात नाही. घरात ते केसकीवर असतात, पण गुरुद्वाऱ्यात जाताना पगडी हवी, आणि ती बांधायला मी. तीस वर्षं स्वतःची बांधून मला वाटलं यात काय एवढं. समोर उभा राहिलो आणि सगळं उलटं. माझी उजवी ती त्यांची डावी. पहिला पेच चुकीच्या कानावर गेला, पगडी आरशातल्यासारखी झाली, आणि पापाजी म्हणाले, "ही कुणाची बांधलीस?" मग त्यांना स्टुलावर बसवलं, मी पाठीमागे उभा राहिलो, त्यांचं डोकं माझ्या पोटाला टेकवलं आणि दोघं आरशात बघत राहिलो. पीटीच्या सरांनी सांगितलेला मागचा ताण आता तिथूनच देतो.

मला एक आशा होती. टोक त्यांच्या दातात असणार, म्हणजे आता मी बोलणार आणि ते ऐकणार. शुगरच्या गोळ्या वेळेवर घेता का, मीठ कमी केलंत का, सगळं विचारून घ्यायचं ठरवलं होतं. पण त्यांना कवळी आहे आणि कवळीत कापड धरत नाही. टोक ते डाव्या हातात धरतात. तोंड मोकळं. कानावरून वर ने. खालचा पेच दिसू दे. एवढं आवळतोस कशाला, रुबिया आहे, दोरखंड नाही. तुझ्या पोराला गणितात किती पडले?

तेव्हा काकू, माझ्या डोक्याला सात मिनिटं. पापाजींच्या डोक्याला पंचवीस.