बॅट गेली का थांबली?

मागच्या फेब्रुवारीतली एक मॅच अजून डोक्यातनं जात नाही, म्हणून लिहून टाकतोय. मिरजेच्या पलीकडं एका कॉलेजचं ग्राउंड, काळी माती, तिसऱ्या बेसच्या मागं एकच कडुलिंब आणि सगळं पब्लिक त्याच्या सावलीला. बेसबॉलची मॅच, अंपायर दोघंच, प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथल्या, मागं एक सीनिअर दादा आणि बेसवर मी.

शेवटची इनिंग, एका रनचा फरक, दोन आउट, पहिल्या बेसवर रनर, काउंट तीन-दोन, म्हणजे तीन बॉल आणि दोन स्ट्राइक. पिचरनं बाहेरचा टाकला, बॅटरनं अर्धी बॅट काढली आणि आवरली. दादांनी बॉल दिला, म्हणजे बॅट गेलीच नाही, टाकलेला वाईड, आणि चौथा बॉल म्हणजे वॉक, बॅटर फुकटात पहिल्या बेसवर. तोवर कॅचर उठून माझ्याकडं ग्लोव्ह करून "गेली की सर!" म्हणून बोंबलला, दादांनी मास्क काढून माझ्याकडं बोट केलं आणि मी मूठ वर केली, म्हणजे बॅट गेली. तिसरी स्ट्राइक, बॅटर आउट, मॅच खल्लास.

आणि खरं सांगायचं तर मी बॅट बघितलीच नव्हती.

तीन-दोन, दोन आउट म्हटल्यावर पिचरनं बॉल टाकताच रनर पळणारच, तो पळाला आणि माझी मान सवयीनं त्याच्यामागं गेली. शिवाय दोनच अंपायर असले आणि पहिल्या बेसवर रनर असला की बेसवाल्याला आत, पिचरच्या मागं दुसऱ्या बेसच्या अलीकडं उभं राहावं लागतं. तिथनं बॅटर समोरनं दिसतो, बॅट किती पुढं आली ते कळायला बाजूनं बघावं लागतं. तीन-चार अंपायर असले तर उजव्या बॅटरचं पहिल्या बेसवाल्याला विचारतात आणि डावऱ्याचं तिसऱ्या बेसवाल्याला, ते उगाच नाही. दिसलं नसेल तर दोन्ही हात आडवे पसरायचे, दादांचा बॉल तसाच राहतो, विषय संपला. हे मला पाठ आहे, तरी मूठ वर गेली, कारण कॅचरचा आवाज लई खात्रीचा होता. मी स्वतः कॉलेजला चार वर्षं कॅचर होतो, तस्संच ओरडायचो, आणि निम्म्या वेळा मलाही माहीत नसायचं, कारण कॅचरची नजर बॉलवर असते ओ, बॅटवर कुठली.

अजून एक गंमत म्हणजे हे अपील एकतर्फी आहे. प्लेटवाल्यानं बॉल दिला तरच फिल्डिंगवाले विचारू शकतात. त्यानंच स्वतः स्ट्राइक म्हटलं की बॅटरनं गुमान जायचं, "बेसवाल्याला विचारा की" म्हणायची सोय नाही.

बरं, "गेली" म्हणजे नेमकं कुठवर? मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलच्या रुलबुकात त्याची रेषाच नाही, बॅटरनं मारायचा प्रयत्न केला का एवढंच अंपायरनं ठरवायचं. अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलच्या, म्हणजे एनसीएएच्या पुस्तकात मात्र आहे, बॅटचा जाड भाग बॅटरच्या पुढच्या खुब्याच्या पुढं गेला की स्ट्राइक. वाचायला झकास. पण खुबा वळत असतो, बॅट वळत असते, बॅटर मागं झुकलेला असतो आणि बघणारा नव्वद फुटांच्याही पलीकडं. मी जूनमध्ये पहाटे साडेचारला उठून ओमाहाची कॉलेज वर्ल्ड सिरीज बघतो (बायको म्हणते वेड लागलंय), तिथंही नियम लिहिलेला असून कोच डगआउटमधनं हात नाचवतातच.

२०२१ ला तर मेजर लीगमध्ये जायंट्स-डॉजर्सची अख्खी सिरीज यावर संपली. पाचवी, निकालाची मॅच, त्या मॅचमध्ये डॉजर्स २-१ नं पुढं, नववी इनिंग, जायंट्सच्या विल्मर फ्लोरेसनं डॉजर्सच्या शेरझरच्या बॉलवर बॅट थांबवली असं मला तरी आजही वाटतं, पण पहिल्या बेसवरच्या अंपायर गेब मोरालेसनं स्ट्राइक दिली. मग २०२५ ला फ्लोरिडातल्या खालच्या लीगमध्ये चॅलेंज देऊन बघितलं, बॅट ४५ अंशांच्या पुढं गेली का ते मशीन सांगायचं. म्हणजे एकीकडं खुबा, एकीकडं ४५ अंश, आणि मिरजेच्या पलीकडं मी.

आमच्याकडं मशीन म्हणजे पोरांचे मोबाईल. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर दोन क्लिपा आल्या. कडुलिंबाखालनं काढलेल्या क्लिपेत बॅट थांबलेली दिसते, पहिल्या बेसकडनं काढलेल्या क्लिपेत सरळ गेलेली, बॉल तोच, बॅट तीच. मी दुसरी क्लिप सात-आठ वेळा बघितली, पहिली एकदाच. तशी पोरं गुणी, कोणी अंगावर आलं नाही, नाहीतर २०२५ च्या महाराष्ट्र केसरीत पंचाला लाथ बसलेली सगळ्यांनी बघितलीय.

त्या दिवशी मॅचनंतर गेटबाहेरच्या टपरीवर भडंग खात उभा होतो, तर तो बॅटर आला. गुडघ्याला माती, हातात अजून बॅटिंग ग्लोव्ह. म्हणाला, "सर, चिडलो नाही, फक्त सांगा, तुम्हाला दिसली का बॅट?"

"दिसली की," मी म्हणालो.

"मग गेली असेल," म्हणाला, आणि माझ्या चहाचे पैसे त्यानंच दिले.