सीडी प्लेयर अजून ठेवायचा का?

“मोबाइलवर सगळं मिळतंय, मग हा सीडी प्लेयर कशाला ठेवलाय?” परभणीत माझ्या घरी येणारा जवळपास प्रत्येक जण चहा संपायच्या आत हे विचारतो. नवी सिस्टीम जमवायला निघालेली पोरं तेच जरा वेगळ्या तऱ्हेनं विचारतात : “काका, बजेट एवढंच हाय. सीडी प्लेयर घेऊ, का तेच पैसे स्पीकरला घालू?” दारात उभ्या उभ्या अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. ते आता लिहितो.

आधी उत्तर. घरात सीड्या असतील तर प्लेयर ठेवा, चालू ठेवा, बिघडला तर दुरुस्त करून घ्या. घरात एकही सीडी नसेल आणि शोधत हिंडायची हौसही नसेल, तर घेऊ नका. पैसे स्पीकरला घाला. त्यातून काही उरले तर खोलीत जाड सतरंजी आणि पडदे टाका. उघड्या फरशीच्या आणि कोऱ्या भिंतींच्या खोलीत त्यानं आवाज जेवढा सुधारतो, तेवढा कुठलाही महागडा प्लेयर सुधारत नाही.

आता कारण. “सीडीचा आवाजच वेगळा” असं मी कुणाला सांगत नाही, कारण ते खरं नाही. सोनीनं सीडीपी-१०१ हा पहिला प्लेयर १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये विक्रीला आणला. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून ठरवलेलं सीडीचं माप तेव्हापासून तेच आहे : दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, डावा-उजवा असे दोन चॅनल. सगळं मिळून सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. एमपी३ची मजल जास्तीत जास्त ३२० पर्यंत जाते. त्यामुळे एमपी३च्या जमान्यात सीडी उघड उघड वरचढ होती. पण तो जमाना गेला. ॲपलनं जून २०२१ मध्ये आपलं संगीत जादा पैसे न घेता लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळता, द्यायला सुरुवात केली, दुसऱ्या काही सेवाही देतात. तीच सीडी कॉम्प्युटरवर फ्लॅक या लॉसलेस फाइलमध्ये उतरवली आणि फाइल व डिस्क दोन्ही एकाच डॅकमधून (डिजिटल आकड्यांचा आवाज करणाऱ्या यंत्रातून), एकाच व्हॉल्यूमला ऐकल्या, तर मला फरक ऐकू येत नाही. “मला येतो” असं सांगणाऱ्याला मी पडद्याआडून ऐकायला बसवतो, मग तोही जरा विचारात पडतो. खरं तर फाइलच एखादवेळी जास्त बिनचूक असते. प्लेयरला डिस्क वाचायला एकदाच संधी मिळते, चूक मोठी असली तर तो अंदाजानं भरून काढतो. कॉपी करणारा चांगला प्रोग्रॅम तोच तुकडा पुन:पुन्हा वाचून खात्री करून घेतो.

मग प्लेयर कशाला? त्या डिस्कवर जे रेकॉर्डिंग आहे, ते दुसरीकडे त्याच रूपात सापडेल याचा भरवसा नाही, म्हणून.

माझ्याकडे काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून आणलेल्या ख्यालाच्या काही सीड्या आहेत. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. त्याआधी मुंबईला काम निघालं की तिथं एक चक्कर ठरलेली, आणि रात्री परतताना देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसलो की कव्हरवरची बारीक अक्षरं वाचत झोप लागायची. त्यातली एक सीडी आणि ॲपवर मिळणारी तीच मैफल मी मुद्दाम पाठोपाठ ऐकली. सीडीवर टेपची बारीक खरखर आहे. पण गाणाऱ्या बाई मंद्र पंचमावर (खालच्या ‘प’वर) थांबतात आणि श्वास घेतात, तेव्हा मागचे दोन तानपुरे भरून येतात. एका तानपुऱ्याची जवारी (तारेची गुंजन) दुसऱ्यापेक्षा थोडी उघडी आहे, हेही कळतं. ॲपवरच्या प्रतीत खरखर पुसून काढलेली आहे आणि खरखरीबरोबर तानपुराही गेलाय. गाणं चालू असताना तो येतो, गाणं थांबलं की तोही मिटतो, पुन्हा आवाज लागला की उसळून वर येतो. ज्या ठिकाणी षड्ज (सा) भरलेला राहायला हवा तिथंच पोकळी पडते. ख्याल ऐकणाऱ्याला हे किती बोचतं, ते बाहेरच्याला सांगून पटत नाही.

दुसरी गोष्ट आवाज चढवण्याची. नव्यानं मास्टर करताना, म्हणजे विक्रीची शेवटची प्रत तयार करताना, हलके भाग वर उचलायचे, शिखरं दाबायची आणि सगळंच एका पातळीला आणायचं, ही खोड १९९० च्या दशकात जगभर वाढली. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर त्यानं गाणं खणखणीत वाटतं. चांगल्या सिस्टीमवर अर्ध्या तासात कान थकतात. जुन्या सिनेगीतांच्या कितीतरी नव्या प्रतींवर हे झालंय. वरून इको आणि नवे ठेकेही चढवलेत. आता सीडी म्हटली की ती चांगलीच, असंही नाही. ज्या सीडीवर कुणीतरी घाईत टेप उतरवली, ती सीडीही वाईटच. पण एकदा चांगली प्रत हाती लागली की ती तुमची. ती कुणी मागच्या मागे बदलत नाही. ॲपवर तेच नाव, तेच चित्र राहतं आणि आतली प्रत कधी बदलली हे कळतही नाही. मुळात ॲपच राहील याचा भरवसा काय? रेसो हे गाण्यांचं ॲप भारतात ३१ जानेवारी २०२४ रोजी बंद झालं, आणि विंक हे तसलंच ॲप बंद करण्याचा निर्णयही त्याच वर्षी जाहीर झाला.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला सीडीनं एक मोठी गोष्ट दिली, तिचा उल्लेख फारसा कुणी करत नाही : सलग वेळ. ७८ आरपीएमच्या तबकडीत गवयाला तीन-साडेतीन मिनिटांत राग आटपावा लागे. एलपीच्या एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं, साठ मिनिटांच्या कॅसेटला तीस. विलंबित रंगात आलं की उठा आणि बाजू बदला. सीडीवर ७४ मिनिटं सलग मावतात. बडा ख्याल, छोटा ख्याल, मध्ये कुणीही उठलेलं नाही. फाइललाही वेळेची मर्यादा नाही हे मान्य. पण ॲपवर राग तुकड्यांत येतो, मध्येच जाहिरात घुसते, आणि मारवा राग संपला की यंत्र स्वतःच्या मनानं काहीतरी पुढचं लावून टाकतं. मारव्यानंतर मला थोडा वेळ काहीच नको असतं. डिस्क संपली की संपते.

कव्हरवरची माहितीही सोडून देण्यासारखी नाही. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, तानपुऱ्याला मागे कोण बसलं होतं, मैफल कुठली, साल कुठलं. ॲपवर बहुतेक वेळा मुख्य कलाकाराचं नाव आणि एक चौकोनी चित्र. आणि जुन्या सीड्यांवर तीन अक्षरं असतात, ती बघत चला : एएडी, एडीडी किंवा डीडीडी. ए म्हणजे ॲनालॉग, डी म्हणजे डिजिटल. पहिलं अक्षर रेकॉर्डिंगचं, दुसरं मिक्सिंगचं, तिसरं मास्टरिंगचं. एएडीला पोरं नाक मुरडतात. जुन्या मैफलींच्या बाबतीत माझा अनुभव उलटा आहे. एएडी छापलेल्या डिस्कवर फार हात न फिरवलेली टेप मिळण्याची शक्यता जास्त.

सिस्टीम कशी वाजते हे बघायला लोक परदेशी चाचणी डिस्क मागवतात. आपल्याकडे त्याहून चांगली चाचणी गावोगाव आहे. अंबाजोगाईजवळच्या आपेगावानं शंकरबापू आपेगावकरांसारखा पखवाजिया दिला, पुढं उद्धवबापूंनी ते चालवलं. आमच्याकडे तर सप्ताहात देवळाच्या फरशीवर पखवाजापासून दोन हातांवर बसून कीर्तन ऐकलेली माणसं घरटी सापडतात. डाव्या पुडीला कणीक लावल्यावर तो खालचा ‘धा’ छातीत कसा बसतो, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. पखवाजाची चांगली सीडी लावा आणि अशा माणसाला समोर बसवा. बास फुगवलाय का, थाप सुटी येते का एकात एक मिसळते, हे तो एका आवर्तनात सांगेल. माझ्या घरच्या स्पीकरची जागा अशाच एका विणेकऱ्याच्या सांगण्यावरून ठरली.

आता यंत्राकडे येतो. विकत घ्यायचाच तर जुना घ्यायला हरकत नाही, पण पारखून. ७० मिनिटांच्या वर भरलेली एक सीडी सोबत न्या आणि तिचं शेवटचं गाणं लावा. सीडी आतून बाहेर वाचली जाते. आतल्या बाजूला मिनिटाला साधारण ५०० फेरे, बाहेर पोचेपर्यंत २०० च्या आसपास. लेन्स थकलेली असेल, रुळावरचं ग्रीस वाळलं असेल किंवा डिस्क डगमगत असेल, तर ते बहुतेक कडेला उघडं पडतं. पहिली दोन गाणी ठणठणीत वाजली म्हणून पैसे मोजू नका. डिस्क टाकल्यावर गाण्यांची संख्या पटकन दिसते का ते बघा. ट्रे अडखळत असेल तर घाबरू नका, तो बहुधा रबरी बेल्ट असतो, उन्हाळ्यानं सैल पडलेला. स्वस्तात बदलून मिळतो. लेन्सचा मात्र नंबर आधी विचारा. सोनीची केएसएस-२१३ किंवा सान्योची एसएफ-पी१०१एन असेल तर निश्चिंत घ्या, ती कितीतरी कंपन्यांच्या प्लेयरमध्ये बसवलेली होती. आमच्याकडचे मेकॅनिक असले पार्ट हैदराबादच्या कोटीतून, गुजराती गल्लीतून आणवतात. ज्याची लेन्स कुठंच मिळत नाही असा प्लेयर कितीही नामी असला तरी सोडून द्या. नवा हवा तर मारांट्झ, डेनॉन, यामाहा यांचे साधे प्लेयर पुरेसे आहेत. लाखालाखाचे ट्रान्सपोर्ट (नुसती डिस्क वाचून आकडे डॅककडे पाठवणारे प्लेयर) घेण्यात मला अर्थ दिसत नाही. डॅक चांगला असेल तर कोॲक्शियल डिजिटल आउट (डॅकला जोडायची डिजिटल खाच) असलेला घरातला जुना डीव्हीडी प्लेयरसुद्धा ते काम नेकीनं करतो. आणि लाइट गेली की प्लग काढून ठेवा. ती परत येताना जो झटका येतो, त्यात बोर्ड जातात.

धुळीची भीती मात्र लोकांच्या मनात नको तेवढी बसली आहे. लेसरचा किरण डिस्कच्या पृष्ठभागावर पडतो तेव्हा जवळपास ०.८ मिलिमीटर रुंद असतो. १.२ मिलिमीटर जाडीचं प्लॅस्टिक ओलांडून आतल्या खुणांवर पोचेपर्यंत तो दोन मायक्रॉनच्याही आत गोळा होतो. वरचा धुळीचा कण त्याच्या दृष्टीनं धूसरच राहतो. शिवाय माहिती गोल गोल फिरत जाणाऱ्या एका रेघेवर असते आणि तिच्यावर पुढंमागं विखरून लिहिलेली असते, म्हणून रेघेच्या दिशेनं सुमारे अडीच मिलिमीटरचा तुकडा गेला तरी प्लेयर उरलेल्यावरून तो पूर्ण आणि बिनचूक उभा करतो. हे समजलं की पुसायची रीतही आपोआप कळते. मऊ सुती कापडानं मधल्या भोकापासून सरळ कडेकडे पुसा, गोल गोल कधीच नाही. गोल पुसताना पडलेला ओरखडा रेघेच्याच दिशेनं लांब जातो आणि तो भरून काढणं प्लेयरच्या आवाक्याबाहेर जातं. आणि सगळे जण ज्या चकचकीत बाजूला जपतात त्यापेक्षा छापील बाजू नाजूक आहे. तिथं ॲल्युमिनियमचा थर आणि वर नुसता लाखेसारखा पातळ लेप. त्या बाजूनं खरवडलं की माहितीच गेली, ती पॉलिश करून परत येत नाही. छापील बाजूवर बॉलपेननं नाव लिहू नका.

ज्यासाठी एवढं लिहिलं, ते आता सांगतो. आपल्या भागातल्या कितीतरी गोष्टी कुठल्याही कंपनीनं छापल्या नाहीत. गावच्या सप्ताहातलं कीर्तन, भारुड, जात्यावरच्या ओव्या म्हणणारी आजी, कॉलेजच्या संगीत विभागाची गुरुपौर्णिमा. कुणीतरी रेकॉर्ड केलं, घरच्या कॉम्प्युटरवर सीडी-आर (घरी भरायची कोरी सीडी) ‘जाळली’, म्हणजे भरली, आणि दहा जणांना वाटली. त्या डिस्कमध्ये खुणा साच्यानं दाबलेल्या नसतात, रंगाच्या थरावर भाजलेल्या असतात. तो रंग उन्हानं आणि उकाड्यानं विटतो. आमच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर पडलेल्या सीडी-आरचं काय होतं, ते मी पाहिलंय : शेवटची गाणी आधी जातात, मग यादीच वाचली जात नाही. हे ॲपवर नव्हतंच, त्यामुळे तिथं शोधूनही मिळणार नाही.

म्हणून या सीड्या आताच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. नव्या लॅपटॉपला सीडीचा ड्राइव्ह नसतो, म्हणून यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह घ्या, नाहीतर ओळखीतल्या कुणाचा मागून आणा. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. तो चुकलेला तुकडा पुन्हा वाचतो आणि कुठं जमलं नाही तेही लिहून देतो. फ्लॅकमध्ये उतरवा, एमपी३मध्ये नको. फाइलच्या नावात गाव, साल, गाणारा आणि पखवाजाला कोण हे टाका, आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. सुरुवात घरी जाळलेल्या सीडी-आरपासून करा. त्यानंतर छापील बाजूला ओरखडे पडलेल्या घ्या. कंपनीच्या धडधाकट सीड्या सगळ्यात शेवटी घेतल्या तरी चालेल.