आमची वाटचाल: हिंगण्याची शेड ते विमानाचं पोट

सिगिंट विमानांचं, म्हणजे शत्रूचे रेडिओ-रडार सिग्नल टिपणाऱ्या विमानांचं, मॉडर्नायझेशन म्हटलं की सगळे डिजिटल रिसीव्हर न् सॉफ्टवेअरचंच बोलतात. अँटेनापासून रिसीव्हरपर्यंतची केबल कोण बनवते, ते कोणी विचारत नाही. ती आम्ही बनवतो, नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत.

पहिली मोठी ऑर्डर बेंगळुरूची, फेज-मॅच्ड कोअ‍ॅक्स (सिग्नलची लहर सगळ्यांतून सारखीच उशिरानं बाहेर पडेल अशा जुळवलेल्या केबल), 18 गिगाहर्ट्झपर्यंत, चार-चारचे बारा सेट. दोन अँटेनांवरच्या फेजचा, म्हणजे लहर कुठवर आली त्याचा, फरक मोजून समोरचं रडार कोणत्या दिशेला आहे ते निघते, आणि 18 गिगाहर्ट्झला केबल मिलिमीटरभर कमी-जास्त झाली की फेजचे तीसेक अंश गेलेच. भर मे महिना, शेडमध्ये 43 अंश, कूलर लावून ट्रिमिंग केलं, व्हीएनएवर (फेज मोजायच्या मशीनवर) सगळ्या रेषा एकावर एक. तिकडं थंडगार लॅबमध्ये 48 च्या 48 रिजेक्ट!

चूक आमचीच. केबलचा पहिला ड्रम संपला म्हणून पार्टनर म्हणाला दुसऱ्या लॉटचा लावू, मी हो म्हटलं. केबलच्या आतलं टेफ्लॉनचं इन्सुलेशन 19 अंश तापमानाच्या आसपास आतून बदलते, फेज तिथं एकदम सरकते, आणि दोन लॉट सारखे सरकत नाहीत. विमानाबाहेर तर 11 किलोमीटरवर उणे 56.

बँकेचा हप्ता थकला, पार्टनर सोडून गेला. त्यात आमच्याकडंच सोल्डरिंग शिकलेला एक जण कमी रेट घेऊन कस्टमरकडं पोचला आणि सांगून आला की हिंगण्याच्या शेडमध्ये असलं काम होत नसते. ज्याच्या हातात पहिल्यांदा टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानंच कसणारा पाना) मी दिला, त्यानं हे बोलावं? अजून विसरलो नाही.

पण बेंगळुरूचे साहेब स्वतः आले, दोन दिवस आमच्या स्टुलावर बसले. म्हणाले, केबल फेकू नका, ड्रमप्रमाणे वेगळ्या करा. कोणती केबल कोणत्या ड्रमची हे मिसेसनं प्रत्येक कार्डावर लिहून ठेवलं होतं, तेवढ्यावर वाचलो. आइस्क्रीमवाल्याचा जुना डीप फ्रीझर आणला, त्यात गुंडाळ्या ठेवून रात्रभर मोजलं, नवे सेट लावले. बारातले अकरा पास झाले. पैसे मात्र आठ महिन्यांनी आले.

पुढची वर्षं कामात गेली.

नव्या पोरांना सांगून ठेवतो, एका सेटची केबल एकाच ड्रमची घ्या, उरलेले तुकडे जोडायच्या भानगडीत पडू नका. एसएमएला, म्हणजे केबलच्या टोकाच्या छोट्या कनेक्टरला, आठ इंच-पाउंडचा रेंचच लावा, साध्या पान्यानं अंदाजे कसायचं नाही, आणि कनेक्टर फिरवायचा नाही, नट फिरवायचं. आयपीएनं (सफाईच्या अल्कोहोलनं) पिन पुसल्याशिवाय व्हीएनएला हात लावू देत नाही मी कोणाला.

आता तापमान हवं तसं कमी-जास्त करणारं थर्मल चेंबर आहे. तो डीप फ्रीझर शेडच्या कोपऱ्यात आहे, मिसेसची ती 48 कार्डं त्यातच ठेवलीत. साहेब रिटायर झाले तरी नागपूरला आले की आधी तिकडंच जातात.