आमची वाटचाल: फर्निचर बसवायचा दिवस

चौकशीला येणारी मंडळी हमखास विचारतात, मॅडम फर्निचर बसवायला किती दिवस लागतील? टू बीएचकेचं म्हणाल तर किचन, दोन वॉर्डरोब, टीव्ही युनिट, बेड असं सगळं धरून तीन-चार दिवसांत उरकतं. हे ऐकून लोकांना फार बरं वाटतं. पण ते तीन-चार दिवस नीट जावेत म्हणून आधीचा दीड-दोन महिना जे करावं लागतं तेच आमचं खरं काम आहे, आणि आमचा धंदा वाढला तो त्याच्यावरच वाढलाय.

सुरुवातीला आम्ही दोघंच होतो. मी डिझाइन बघायचे आणि मिस्टर साइट आणि माल बघायचे. माल पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणायचा आणि काम सगळं क्लायंटच्या घरातच चालायचं, हॉलमध्ये कटर लावलेला, प्लायच्या शीट भिंतीला टेकवलेल्या, मिस्त्री लोक तिथेच राहायचे, तिथेच जेवायचे, आणि दोन-अडीच महिने घरभर भुसा नि फेविकॉलचा वास. तेव्हा बसवायचा दिवस असा वेगळा नव्हताच. जिथे बनतंय तिथेच बसतंय, भिंत वाकडी निघाली तर मिस्त्री जागच्या जागी रंधा मारून जुळवून घ्यायचा.

मग 2020 चा लॉकडाऊन आला. मिस्त्री राजस्थानला गावाकडे गेले, आणि परत आले तेव्हा सोसायट्या बाहेरच्या माणसांना मुक्कामाला राहू देईनात. आम्ही नऱ्ह्याला शेड भाड्याने घेतली, कर्ज काढून पॅनल सॉ म्हणजे शीट सरळ कापायचं मशीन आणि एज बँडिंगचं, म्हणजे कापलेल्या कडांना पट्टी चिकटवायचं मशीन टाकलं आणि सगळं बनवायचं काम तिकडे हलवलं. घरी फक्त बसवायला जायचं. हा निर्णय घेतला आणि मापाचं महत्त्व दहापट वाढलं, कारण आता वर्कशॉपमधून निघालेलं खोकं, म्हणजे कपाटाचा सांगाडा, घरात जाऊन अर्ध्या इंचाने अडलं तर तिथे ना मशीन असतं ना जागा.

म्हणून टाइल्स आणि पुट्टी झाल्याशिवाय आम्ही फायनल मापं घेतच नाही. भिंतीची रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजायची, कोपऱ्यात काटकोन तपासायचा गुण्या लावून बघायचा, लेझर लेव्हल फिरवून फरशीचा उतार बघायचा. नव्या कोऱ्या बिल्डिंगमध्येसुद्धा कोपरा काटकोनात सापडेलच असं नाही. तिन्हीतलं सगळ्यात कमी माप धरून युनिट बनवायचं आणि उरलेली फट फिलर पट्टीने भरायची, ती पट्टी मात्र मुद्दाम जास्त रुंद ठेवून साइटवर भिंतीच्या वळणाप्रमाणे कापायची. क्लायंट विचारतात ही पट्टी कशाला, सरळ भिंतीला चिकटवा ना. भिंत सरळ असती तर चिकटवलं असतं हो!

वॉर्डरोब एकाच उंच खोक्यात का नाही करत, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. समजा फॉल्स सीलिंग 8 फूट 6 इंचावर आहे आणि तुम्ही तेवढंच उंच, 2 फूट खोल खोकं बनवलं, तर ते आडवं आत येईलही पण उभं करताना त्याचा कोपरा वर जवळजवळ 8 फूट 9 इंचापर्यंत जातो, म्हणजे सीलिंग फुटणार. 7 फुटाचं खोकं उभं करायला साडेसात फुटाच्या आतच जागा लागते. म्हणून खाली 7 फूट आणि वर लॉफ्ट वेगळा. शिवाय लिफ्टचं माप असतं, जिन्याच्या वळणाचं माप असतं, बेडरूमच्या दाराचं असतं, सोफा तर दोन तुकड्यांतच सांगावा लागतो. ही सगळी मापं आम्ही घराच्या मापांबरोबरच लिहून आणतो.

आता प्रत्यक्ष तो दिवस. टेम्पो आदल्या संध्याकाळीच भरून ठेवतो आणि भरतानाच उलटा भरतो, जे आधी आत जायचं ते सगळ्यात शेवटी चढवायचं. छोटा हत्ती गेटवर आला की रजिस्टरमध्ये एंट्री, सोसायटीचं परमिशन लेटर दाखवायचं, सर्व्हिस लिफ्टला आतून पुठ्ठे लावायचे, घरातल्या टाइल्सवरही पुठ्ठे अंथरायचे. आतल्या बेडरूमचा माल पहिला, मग किचन, हॉल सगळ्यात शेवटी, नाहीतर येण्याजाण्याचा रस्ताच बंद होतो. बऱ्याच सोसायट्यांत दुपारी 2 ते 4 ड्रिलिंग बंद, संध्याकाळी 6 नंतर काम बंद, रविवार तर पूर्णच बंद. म्हणून भिंतीला भोकं पाडायची कामं सगळी सकाळी, आणि दुपारी त्या शांत वेळात ट्रॉल्यांचे चॅनल, बिजागऱ्या, हँडल असली हातातली कामं.

भोकं पाडायच्या आधी मोबाईल उघडायचा. प्लास्टर व्हायच्या आधी किचन-बाथरूमच्या प्रत्येक भिंतीचे फोटो आम्ही मापाची टेप लावून काढून ठेवलेले असतात, पाण्याची लाइन फरशीपासून किती वर आणि कोपऱ्यापासून किती आत ते त्यात स्पष्ट दिसतं. ओट्याच्या वरची कपाटं लावताना हे बघितल्याशिवाय ड्रिल हातात घ्यायचं नाही असा आमच्याकडे नियमच आहे, घरचे लोक कितीही घाई करोत.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते शटर, म्हणजे कपाटांची दारं, जुळवणं. खोकी बसली, लेव्हल झाली, शटर चढले तरी पहिल्यांदा ओळ वेडीवाकडीच दिसते, एक शटर खाली उतरलेलं, दोघांतली फट वर बारीक नि खाली जाड. क्लायंट त्याच वेळी नेमके आत येतात आणि त्यांचा चेहरा पडतो. मी म्हणते काकू अर्धा तास थांबा. मग आमचे मिस्त्री स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतात. बिजागरीला तीन स्क्रू असतात, एकाने शटर डावी-उजवीकडे सरकतं, एकाने आत-बाहेर, एकाने वर-खाली. पाव आटा फिरवायचा, मागे होऊन बघायचं, परत पाव आटा. शेवटी तीन मिलीमीटरची फट वरपासून खालपर्यंत एकसारखी येते. हा माणूस पट्टी न लावता नुसत्या नजरेने फरक सांगतो, वर्षानुवर्षं हात बसल्याशिवाय ते येत नाही, आणि मशीन कितीही घेतली तरी हे काम त्याच्याच हातचं राहणार याचा मला अभिमान आहे.

दसरा-दिवाळीच्या आधी सगळ्यांनाच घर हवं असतं, पितृपक्षात कोणी काही आणत नाही आणि मग सगळा लोड घटस्थापनेनंतर एकदम येतो. आम्ही झेपेल तेवढीच कामं घेतो, बाकीच्यांना स्पष्ट सांगतो की दिवाळीनंतर; ओट्यावर पाणी पडणार तिथे आय एस 710 चं बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारं प्लायच लागेल, त्यात घाईघाईत मिळेल ते घालणार नाही. काही जण दुसरीकडे जातात. जाऊदेत.

पहिला पावसाळा झाला की आम्ही न बोलावता प्रत्येक घरी एक चक्कर मारतो. दमट हवा लागलेली असते, ट्रॉल्यांत भांडी भरून वजन आलेलं असतं, शटर थोडे उतरतात. त्याचे पैसे घेत नाही. आणि बिलाचे शेवटचे 10 टक्के क्लायंटने स्वतः प्रत्येक ड्रॉवर उघडून, उरलेल्या कामांची यादी पूर्ण झाली म्हणून सही केल्यावरच मागतो, पण मिस्त्रींचे पैसे मात्र त्या सहीसाठी थांबवत नाही, ते काम संपलं त्याच संध्याकाळी दिले जातात.