कागदावर नाही

"लेखी नसेल तर घेतलंच नाही असं धरतो आम्ही," असं सिस्टर म्हणाल्या. आवाजात कसला आरोप नव्हता, मागे रांग होती, त्यांचं बोट रजिस्टरवरच होतं. तरी ते वाक्य सकाळपासून माझी पाठ सोडत नाहीये. आता सगळे झोपलेत, म्हणून लिहायला बसलोय.

गेलो होतो माझ्या मुलीच्या, चिमीच्या गोवराच्या डोससाठी. बायको येणार होती, ऐनवेळी जमलं नाही, असो. चिमीचं कार्ड बघून सिस्टर खूश झाल्या. मध्ये आजारपणात एक डोस लांबला होता, त्याचं मला दडपण होतं. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावतील की काय? त्या म्हणाल्या, तसं करायची गरज नसते, जिथे थांबलं तिथून पुढे जायचं, आधीचं वाया जात नाही. जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी मान वर केली. "आणि बाबा, तुमचं धनुर्वाताचं शेवटचं कधी झालं?"

मी म्हटलं, लहानपणी झालं असणार. शाळेत असताना पायात खिळा घुसला होता, तेव्हाही दिलं असेल. कार्ड आहे का? नाही. मग ते वाक्य. नवीन कार्डावर त्यांनी माझं नाव घातलं आणि 'पूर्वीचे डोस' या ओळीपुढे लिहिलं, 'माहीत नाही'. म्हणजे मला पहिल्यापासून सगळं. आज एक, चार आठवड्यांनी दुसरं, त्यानंतर सहा महिन्यांनी तिसरं.

चिमीचं थांबलेलं जपलं जातं आणि माझं पुसलंच जातं, हे मला का लागावं? नियम बरोबर आहे, ते मलाही पटतं. आठवणीवर भरवसा ठेवून एखाद्याला उघडं सोडण्यापेक्षा परत टोचलेलं बरं. बायकांना निदान गरोदरपणात तरी हे इंजेक्शन मिळतं, पुरुषाला शाळा सुटल्यावर कुणी विचारतच नाही, असंही सिस्टर म्हणाल्या. सगळं पटलं. पण 'माहीत नाही' वाचताना वाटलं, मला कडेवर घेऊन कुणी रांगेत उभं राहिलंच नव्हतं का?

ताईचं कार्ड आहे. आईने ते अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलंय, घड्या फाटल्यात पण तारखा वाचता येतात. माझं नाही. माझ्या, म्हणजे धाकट्याच्या वेळेपर्यंत घरात काय काय चाललं होतं ते मला माहीत आहे. त्यात आता शिरत नाही. पण कार्ड नाही ते नाही.

डाव्या दंडावर बीसीजीचा, म्हणजे क्षयावरच्या लशीचा वण आहे. सिस्टरनी बाही वर करून तो बघितला आणि म्हणाल्या, ही झालेली दिसते. तेवढ्यानेही बरं वाटलं. मग लगेच मनात आलं, ती तर जन्मल्याबरोबर देतात, त्यासाठी कुणाला मुद्दाम घेऊन जावं लागत नाही. आईच्या दंडावर देवीच्या लशीचा वण आहे, चांगला रुपयाएवढा. देवीचा रोग जगातून गेल्याचं १९८० साली जाहीर झालं, पुढे त्या लसीची गरजच उरली नाही. तिच्या पिढीचं कार्ड दंडावरच आहे, कुणाला विचारावं लागत नाही.

चिमीसाठी थोडं थांबावं लागलं. गोवराची लस भुकटीच्या रूपात असते, ती सिस्टरनी आमच्यासमोर द्रावणात कालवली आणि बाटलीवर वेळ लिहिली. ठरावीक वेळेत संपली नाही तर उरलेली टाकून द्यायची. बाटलीवर एक छोटा गोल असतो, त्याच्या आत चौकोन. मी विचारलं तर बाटली प्रकाशात धरून त्यांनी दाखवलं. चौकोन गोलापेक्षा फिकट आहे तोवर लस चांगली. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो आणि गोलाच्या रंगाचा झाला की बाटली बाद. कारखान्यातून निघाल्यापासून किती ऊब सोसली त्याचा हिशेब त्या ठिपक्यात असतो. मी बघतच राहिलो. बाटलीचासुद्धा हिशेब आहे.

चिमी रडली, मग गप्प झाली. अर्धा तास बाहेर बसा म्हणाले. तिथे बसल्या बसल्या भिंतीवरचा तक्ता वाचला. गोवर एकाकडून दुसऱ्याला होतो, म्हणून शंभरातल्या पंच्याण्णवांनी लस घेतली तर उरलेल्यांनाही आडोसा मिळतो. धनुर्वाताचं तसं नाही. तो मातीतून, धुळीतून, जखमेतून येतो, माणसाकडून माणसाला होत नाही. त्यामुळे शेजारपाजारच्या सगळ्यांनी घेतली तरी त्यांचा आपल्याला उपयोग नाही. एकदा धनुर्वात होऊन गेला तरी शरीर पुढच्या वेळेसाठी शिकत नाही. ज्याची त्याने घ्यायची. हे वाचून आणखीच एकटं वाटलं, हे खरं.

निघताना सिस्टर म्हणाल्या होत्या, आधीचे डोस झालेले असतील तर कधी कधी हात जास्त सुजतो, घाबरू नका. संध्याकाळपासून मी आरशासमोर दंड बघतोय. सूज यावी असं वाटतंय. सुजला तर कुणीतरी मला कधीतरी नेलं होतं. सूज आली आहे थोडी. बोट लावलं की आत गोटी लागते, कातडी गरम आहे. पण पहिल्यांदा घेणाऱ्यालाही एवढं होतंच. यावरून काहीच सिद्ध होत नाही.

शेवटी आईला फोन केला. आधी म्हणाली, "अरे, घेतलंच असेल ना." मग थांबली. म्हणाली, "तुझ्या वेळी एक सिस्टर होत्या, त्या सुई टोचताना तुला मोठ्याने आकडे म्हणून दाखवायच्या. तू रडायचा नाहीस, त्यांच्या तोंडाकडे बघायचास." आकडे कुठपर्यंत जायचे, सुया किती झाल्या, कुठली कशाची, तिला काही सांगता येईना. या आठवणीचा सिस्टरना उपयोग नाही, त्या 'माहीत नाही' खोडणार नाहीत, खोडूही नये. ठरलेले सगळे डोस मी घेणार. पण रांग होती आणि मी तिच्या कडेवर होतो, एवढं मला कळलं.

मग तिने विचारलं, "या वयात मला देतात का रे काही?" देतात. फ्लूची दरवर्षी घ्यायची असते, न्यूमोनियाचीही आहे, धनुर्वाताचं तर तिचंही कुठे लिहिलेलं नसणार. चार आठवड्यांनी माझा दुसरा डोस आहे, त्या दिवशी तिला बरोबर घेऊन जातो. सकाळी लवकर निघावं लागेल, तिला फार वेळ उभं राहवत नाही.